तिसरा ट्रॉम्बोन

१

लांब्या पहाटे पावाची गाडी चालवायचा आणि दुपारी ट्रॉम्बोन पुसायचा. वाजवायला हल्ली कोणी बोलावत नव्हतं. हॉटेलांतले बँड केव्हाच मोडले होते आणि समारंभांना लोक एक माणूस, एक लॅपटॉप एवढ्यावर भागवत होते. तरी जेवण झालं की तो पेटी उघडायचा, नळीला तेल लावायचा, ती आत-बाहेर सरकवून बघायचा आणि पेटी पुन्हा बंद करायचा.

"घोड्याला खरारा चाललाय," खिडकीजवळच्या पलंगावरून बायको म्हणायची. "शर्यती बंद झाल्या, लांब्या. विकून टाक घोडा."

तिला तो बाईसाहेब म्हणायचा. दोघांची गाठ पडली तीच मुळी नाचघरात. तो वर बँडमध्ये, ती खाली फरशीवर. वाजवताना त्याच्या भुवया वर उडतात, त्या बघायला आपण यायचो, असं ती कोणालाही सांगायची. आता तिचे पाय गेले होते. आजाराला लांबलचक नाव होतं, पण ते पाठ करायला तिने साफ नकार दिला होता. "पायांनी राजीनामा दिलाय," एवढंच ती सांगायची.

फोन आला तेव्हा लांब्या भांडी घासत होता.

"तिसरा ट्रॉम्बोन हवाय," पलीकडून शांत, नीटनेटका आवाज आला. "स्विंग, जुनं नाचाचं संगीत. मोठा बँड. दर रविवारी दुपारी."

लांब्याला आधी थट्टाच वाटली. ट्रम्पेटची रांग, ट्रॉम्बोनची रांग, सॅक्सोफोनची रांग, मागे पियानो, ड्रम. एवढी माणसं आजकाल इमारतीच्या सभेलासुद्धा जमत नाहीत.

"मी कधी येऊ? म्हणजे माझं वाजवणं एकदा ऐकून—"

"ते माहीत आहे आम्हाला. घरी कोण असतं?"

"मी आणि बायको."

"चालतात त्या?"

प्रश्न इतक्या सहज आला की लांब्याने तितक्याच सहज उत्तर दिलं. "नाही हो. बरेच दिवस झाले."

"मग घेऊन या त्यांना," आवाज म्हणाला, आणि आता त्यात जरा ऊब आली होती.

२

हॉल बसच्या आगारामागच्या दगडी इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. लांब्याने ट्रॉम्बोनची पेटी छातीशी अडकवली आणि बाईसाहेबांना पाठीवर घेतलं.

"सांग त्यांना, बँडवाला आपली वरात स्वतःच घेऊन आलाय," ती त्याच्या कानात म्हणाली आणि दोघेही जिन्यात थांबून हसले.

आत मेण लावलेली लाकडी फरशी आरशासारखी चमकत होती. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, आणि त्यांतल्या बऱ्याच खुर्च्यांत माणसं आधीच बसलेली. म्हातारी, मधल्या वयाची, एक-दोन तरुणही. कोणी एकमेकांशी बोलत नव्हतं. वर तिन्ही बाजूंनी गॅलरी होती आणि ती मात्र तुडुंब भरली होती. जुन्या बाजारातून हौसेने घेतलेल्या टोप्या, रुंद कॉलरचे कोट. ही गाणी निघाली तेव्हा ज्यांचे आईबापही जन्मले नव्हते, अशी पोरं कठड्यावरून वाकली होती.

बँडचे प्रमुख बारीक चणीचे होते. राखाडी सूट, केस पाण्याने बसवलेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी लांब्याशी हस्तांदोलन केलं, बाईसाहेबांना स्वतः खुर्ची दिली, आणि मंचावर चढून फक्त एक बोट उचललं.

लांब्या आयुष्यभर वाजवत आला होता, पण असं त्याने ऐकलं नव्हतं. सॅक्सोफोन एका श्वासात वळत होते, वाऱ्यात गवत वळावं तसे. ट्रम्पेट मध्येच झडप घालून परत जागेवर बसत होते. आणि खाली तो ताल. किंचित मागे रेलून चालणारा, तरीही पुढे ओढणारा. तो ताल कोणी ऐकत बसत नाही, तो आधी टाचेत शिरतो. लांब्याने ट्रॉम्बोन तोंडाला लावला आणि त्या आवाजात असा मिसळला, जणू त्याच्यासाठी जागा राखूनच ठेवली होती.

दुसऱ्या गाण्यात त्याची नजर खाली गेली. बाईसाहेबांचा बूट हलत होता.

चौथ्या गाण्यात ती उभी होती.

३

घरी येताना ती पुन्हा पाठीवरच होती. पाय लोंबत होते, पण तोंड थांबत नव्हतं. "तो निळ्या सुटातला म्हातारा पाहिलास? काय गिरकी घेतो! आणि तू? भुवया तशाच उडतात हं अजून."

पुढचे दोन-तीन आठवडे त्या घरात सणासुदीसारखं वाटत होतं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "उत्साहाच्या भरात शरीर काहीही करतं. पण जपून." बाईसाहेबांची धाकटी बहीण दर रविवारी गॅलरीत येऊन बसायला लागली. जिन्यात लांब्याचा हात धरून ती रडली.

"भाऊजी, ताईला मी लग्नातसुद्धा एवढी आनंदात पाहिली नव्हती. वरून तिचे पाय बघावेत नुसते!"

"चेहरा बघ ना," लांब्या हसून म्हणाला.

"वरून चेहरा कुठला दिसतोय? डोकी आणि पाय."

एकदा त्याने मास्तरांना सहज विचारलं, एवढी जुनी गाणी, तरी लोक अजून का येतात? मास्तर स्वरांचे कागद लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"लोक याला गाणं समजतात," ते म्हणाले. "गाणं संपतं. याची सवय लागते."

एक गोष्ट लांब्याला खटकत होती, पण तिला शैली म्हणून सोडून देणं सोपं होतं. दोन गाण्यांमध्ये या बँडचा ताल थांबत नसे. गॅलरी टाळ्या वाजवायची, शिट्ट्या मारायची, आणि त्या गोंगाटाखाली ड्रमवाला झांजेवर काडी चालूच ठेवायचा. खाली कोणी घाम पुसत नसे, पाणी पीत नसे. शेवटचं गाणं तेवढं संथ असायचं. त्यात सगळे नाचतनाचत भिंतीकडे सरकायचे, आपापल्या खुर्चीत टेकायचे, आणि मगच झांज हाताने दाबली जायची. त्यानंतर वादक घाईने मंचावरून उतरायचे. जो तो एकेका खुर्चीकडे.

प्रत्येकाचं खाली कोणीतरी होतं.

४

ट्रॉम्बोनमध्ये श्वासाचं पाणी साठतं. वेळोवेळी टोकाची कळ दाबून ते काढावं लागतं, नाहीतर सूर गुरगुरतो. त्या रविवारी भर गाण्यात त्याचा सूर गुरगुरायला लागला. लांब्याने दोन स्वर सोडले, नळी खाली केली, कळ दाबली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला बाईसाहेब गुडघ्यातून मोडली. तिला धक्का लागला नव्हता, तोलही गेला नव्हता. उभी छत्री मिटावी तशी ती खाली गेली. लांब्याने दचकून वाद्य तोंडाला लावलं, स्वर धरला, आणि ती वर आली. गिरकी घेऊन पुढे गेली.

योगायोग, तो स्वतःला म्हणाला. कागदावर त्याला विश्रांती, म्हणजे न वाजवायची जागा, लिहिलेली असायची तेव्हा तर ती मजेत नाचायची, ते त्याने दर रविवारी पाहिलं होतं. म्हणजे त्याच्या वाजवण्याशी संबंध नव्हताच. थकली असेल. फरशीला मेण फार झालंय.

पुढच्या गाण्यात त्याने मुद्दाम एक स्वर गाळला. लिहिलेला, त्याचा स्वतःचा स्वर.

ती मिटली.

त्याने वाजवलं. ती उघडली.

शेजारी पहिला ट्रॉम्बोन वाजवणारे काका होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी वाजवतावाजवताच कोपराने लांब्याला ढोसलं. जोरात, बरगडीत.

५

घरी त्याने तिचे पाय गरम पाण्यात धुवायला घेतले. टाचांची कातडी राहिली नव्हती. एका अंगठ्याचं नख मोज्यातच आलं. पाणी लाल झालं आणि तो ते बदलायला उठला, तेव्हा ती म्हणाली, "बस जरा. रागावणार नसशील तर एक सांगते."

"बोल ना."

"पहिल्या एक-दोन रविवारी मी नाचले, लांब्या. नंतर मी नाचलेले नाही."

"म्हणजे काय?"

"चादर झटकतात ना दोन टोकांना धरून? तसं होतं. मी त्या चादरीत असते. थांबा, थांबा म्हणून ओरडते. पण तिथे तोंडातून आवाज निघत नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू किती खूश होतास." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कित्येक वर्षांनी वाजवत होतास. आता नको. मला इथे खिडकीत पडून राहू दे. काय व्हायचं ते होऊ दे."

"नाही जायचं," लांब्या म्हणाला.

"शपथ?"

"तुझी शपथ."

पुढच्या रविवारी दोघं घरीच पत्ते खेळले. ती सगळे डाव जिंकली आणि तिने त्याला यथेच्छ चिडवलं. दोन दिवसांनी तिच्या हातातून कप पडला. मग हातच उचलेना. मग शब्द जड झाले, ओले झाले, आणि एका सकाळी बंद झाले. भाताची पेज घशाखाली उतरेना. डॉक्टर म्हणाले, कधीकधी हा आजार असा एकदम उतरणीला लागतो. आता जितके दिवस आहेत तितके.

मेहुणी डोळे सुजवून आली. "भाऊजी, तिथे नेणं बंद केलंत म्हणून झालं हे. तोच तर एक आनंद होता तिला!"

"तीच नको म्हणाली."

"थकून म्हणाली असेल. आजारी माणसाचं सगळंच ऐकायचं असतं का?"

त्या वाक्याने लांब्याला किती बरं वाटलं! रविवारी त्याने बाईसाहेबांचे केस विंचरले, टाचांना कापूस बांधला आणि तिच्यापुढे पाठ करून बसला. तिने मान हलवली. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. या आजारात मान आपोआप हलते असं डॉक्टर म्हणाले होते, असं त्याने स्वतःला सांगितलं.

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

६

कोट टांगायच्या खोलीत काका एकटेच भेटले. आरशासमोर मिशा नीट करत होते.

"आलास," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

"काका, तुमचं खाली कोण?"

"मुलगी. पिवळ्या फ्रॉकमधली."

लांब्याला पिवळा फ्रॉक आठवला. खिडक्यांच्या बाजूला असायचा, फार सुंदर फिरायचा. "कधीपासून?"

"ते मोजायचं नसतं."

"आणि माझ्या जागी आधी जो होता?"

काकांनी कंगवा खिशात ठेवला. "त्याची आई नाचायची. एक दिवस ती मंचाजवळून जाताना त्याला काहीतरी म्हणाली. आवाज नाही, नुसते ओठ. त्याने ट्रॉम्बोन मांडीवर ठेवला आणि रडत बसला. आई पडली."

"मग?"

"मग काय? गाणं चालू होतं."

"कोणी थांबलं नाही?"

"कोण थांबणार? आमची माणसं नाचत होती ना." काकांनी आरशात बघून टाय सरळ केला. "तिच्यावरूनच नाचत होती. गाणंही तेव्हा वेगाचं होतं."

लांब्याने पेटी उघडून ट्रॉम्बोन बाहेर काढला.

"एक सांगतो, ऐक," काका दाराकडे जाताजाता म्हणाले. "समोर कागद ठेवलेला असतो. कागदावर बघायचं. खाली बघायचं नाही."

त्या दिवशी बाईसाहेब पहिल्या गाण्यालाच उठली. पेजही न गिळू शकणारी बाई कमरेतून वळली, हात फेकले, आणि गॅलरीतून असा जल्लोष झाला की काचा थरथरल्या. मेहुणी वरून ओरडत होती, "ताई! ताई!" लांब्याने नजर कागदावर ठेवली. तरी पान उलटताना नजर खाली गेलीच.

पिवळा फ्रॉक मंचाला लागून चालला होता. इतक्या जवळून त्याने काकांच्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. पाय अचूक होते. हात अचूक होते. मान मात्र तालात नव्हती, ती नुसती लोंबत होती. गिरकीबरोबर तोंड त्याच्याकडे वळलं. डोळे उघडे होते आणि त्यांवर धूळ होती. कपाटावर साठते तशी, मऊ, सारखी पसरलेली.

त्याने काकांकडे पाहिलं. काका कागदावर बघून वाजवत होते, आणि वाजवणं असं गोड की कोणाचाही जीव ओवाळून टाकावा.

गाणी संपली तेव्हा सगळे आपापल्या खुर्च्यांकडे गेले. काका गेले नाहीत. त्यांनी पेटी बंद केली, टोपी घातली आणि एकटेच जिना उतरले.

७

त्यानंतरच्या रविवारी लांब्याला सोलो मिळाला, एकट्याने वाजवायचा तुकडा. मास्तरांनी स्वतः सांगितलं, "तुमचा सूर आता पक्व झालाय." खरंच झाला होता. गॅलरीतली पोरं त्याला टोपणनावाने हाका मारायला लागली होती.

सोलोसाठी उभं राहून, मंचाच्या कठड्याशी येऊन वाजवावं लागतं. तिथे कागद नसतो.

बाईसाहेब समोर आली. तिचे केस सुटले होते, कापूस कधीच गळून पडला होता, आणि मेणाच्या फरशीवर तिच्यामागे ओल्या रेघा उमटत होत्या. वरून त्या बहुधा चकाकीसारख्या दिसत असाव्यात. तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

पुरे.

शब्द ओळखायला अजिबात अवघड नव्हता. तिने तो दुसऱ्या फेरीलाही म्हटला, तिसरीलाही. घरी बोलता येत नव्हतं, हात हलवता येत नव्हता. विनवायला तिला आठवड्यातून हीच जागा होती. लांब्याच्या मनात आलं की नळी नुसती खाली करायची. एवढंच करायचं. दुसऱ्याचं कोणाचं काही बिघडणार नाही. ती पडेल, मिटेल, संपेल.

मग पलंगावर कोण असेल? दार उघडून आत गेल्यावर घोड्यावरून कोण चिडवेल? ती आता चिडवतच नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तो खोलीत आला की ती डोळे मिटून घ्यायची. तरीपण त्या डोळ्यांच्या मागे ती होती.

त्याने भुवया उडवल्या, श्वास घेतला आणि वरचा स्वर धरला. इतका लांब धरला की गॅलरी उभी राहिली.

पुढचे रविवार तो डोळे मिटून सोलो वाजवत होता. लोकांना वाटलं, काय तल्लीन होतो माणूस! आणि मग एकदा, भरात असताना, त्याने चुकून डोळे उघडले. ती अगदी कठड्याशी होती. हात लांबवला असता तर हाताला लागली असती.

ओठ हलत नव्हते. तोंड किंचित उघडं होतं, निवांत. ती काही मागत नव्हती. पाय मात्र पूर्वीपेक्षाही हलके पडत होते.

लांब्याला एकदम हलकं वाटलं. रमली अखेर, तो मनाशी म्हणाला. वेळ लागतो माणसाला. त्या दुपारी त्याने असं वाजवलं की मास्तरांनी दोनदा मान डोलावली.

शेवटच्या संथ गाण्यात ती भिंतीकडे सरकली आणि खुर्चीत टेकली. झांज दाबली गेली. लांब्या खाली उतरून तिच्याजवळ गेला, तिचा फ्रॉक गुडघ्यांवर नीट केला, कपाळावरचे केस मागे सारले. पाठ करून बसावं म्हणून तो वाकला. मग तसाच थोडा वेळ वाकून राहिला. जिने फार होते. आणि रविवार काय, लांब थोडाच होता.

खाली दाराशी मेहुणी वाट बघत होती. गाल लाल, टाळ्या वाजवून वाजवून तळवेही लाल.

"ताई कुठेय, भाऊजी?"

"इथेच राहते म्हणाली आज."

"म्हणाली?" मेहुणीचे डोळे भरून आले. "बोलली ती?"

"हो," लांब्या म्हणाला. "मजेत आहे."

तिने डोळे पुसले, त्याच्या हातात हात अडकवला, आणि दोघं आगाराच्या बाजूने घराकडे निघाले. चालताचालता ती शेवटच्या गाण्याची चाल गुणगुणायला लागली. दोन वळणं गेल्यावर लांब्याच्या लक्षात आलं, आपली पावलंही त्याच तालावर पडताहेत. ती बदलायचा त्याने एकदा प्रयत्न केला.